पंपाच्या आधी आणि पंपाच्या नंतर : हेलन केलर आणि तिच्या बाई



आजचा विषय अमेरिकेतला, आणि आपण बसलोय धामणगाव रेल्वेला. तेव्हा कोणीही विचारेल, की हेलन केलरचा आणि वऱ्हाडाचा संबंध काय? संबंध आहे, आणि तो कापसाचा आहे. तिथूनच सुरुवात करू.

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं. उत्तरेच्या आरमारानं दक्षिणेची बंदरं अडवली. दक्षिणेतला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि इंग्रज व्यापाऱ्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या कारभाराखाली होतंच. इथल्या कापसाचे भाव चढले. जी.आय.पी. रेल्वेची लाइन भुसावळहून बडनेऱ्यामार्गे पुढं सरकत १८६७ साली नागपूरला पोचली. त्या लाइनीवर आपलं स्टेशन आलं, यवतमाळकडचा माल बैलगाड्यांनी इथं उतरू लागला, जिन-प्रेस आले, आणि गावाच्या नावाला 'रेल्वे' कायमचं चिकटलं.

त्याच युद्धात दक्षिणेच्या बाजूनं आर्थर केलर नावाचा एक कॅप्टन लढला. त्याचं गाव अलाबामा राज्यातलं टस्कंबिया. तेही कापसाचं गाव, आणि तिथंही कापूस वाहण्यासाठीच रूळ टाकलेले, अगदी १८३०च्या दशकात. युद्धापूर्वी या कुटुंबाकडे गुलाम होते. युद्ध हरल्यावर घरची बडेजाव ओसरली, पण शेतीवाडी आणि एक वर्तमानपत्र राहिलं. या घरात २७ जून १८८० रोजी हेलनचा जन्म झाला. म्हणजे ज्या उलथापालथीनं आपल्या गावाला स्टेशन दिलं, तिनंच त्या घराचे दिवस फिरवले होते. इतकी ओळख पुरे. आता मूळ विषयाकडे येऊ.

हेलन एकोणीस महिन्यांची असताना तिला कडक ताप आला. ताप उतरला, पण तिची नजर आणि कान दोन्ही गेले. इथं आपल्या जिल्ह्यातल्या एका माणसाची आठवण येणं साहजिक आहे. प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराज, माधानचे. जन्म १८८१, म्हणजे हेलनपेक्षा एका वर्षानं लहान. त्यांचीही दृष्टी तान्हेपणीच गेली. त्यांनी इतरांकडून ग्रंथ वाचून घेतले, ऐकून पाठ केले, लेखनिकांना सांगून लिहवले, आणि १९१५ मध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी गेले तेव्हा मागं शंभराहून अधिक ग्रंथ होते. त्यांच्या बुद्धीबद्दल बोलायला आम्ही कोण? पण एक गोष्ट लक्षात घ्या. त्यांना कान होते. आपली सगळी परंपराच कानाची आहे. कीर्तन, प्रवचन, ओवी, पारायण. नवविधा भक्तीतसुद्धा पहिली पायरी श्रवणाची. डोळे नसलेल्या माणसाला आपल्या समाजात ज्ञानाकडे जायला एक रुंद दरवाजा उघडा होता.

हेलनचा तो दरवाजाही बंद होता. डोळे गेले की जग दिसत नाही. पण कान अगदी लहानपणी गेले तर शब्दच मिळत नाहीत. 'आई' हा शब्द कधी ऐकलाच नाही किंवा ऐकलेला विसरला गेला, तर आईला काय म्हणायचं हे मूल कसं ठरवणार? हेलननं आपल्या परीनं साठेक खुणा तयार केल्या होत्या. गालावरून हात फिरवला की आई. स्वयंपाकीणबाईची मुलगी मार्था तिच्यासोबत खेळायची, तिला त्या कळायच्या. खुणा संपल्या की उरायचा संताप. ती लाथा मारायची, वस्तू फोडायची, एकदा आईला कोठीत कोंडून किल्ली काढून घेतली. नातेवाइकांपैकी काहींचं मत झालं होतं, की ही पोर डोक्यानं अधू आहे, हिला कुठंतरी ठेवून द्यावं.

आता इतिहास सांगताना एक खोड लागते. आपण थेट पाण्याच्या पंपाशी जातो. हातावर पाणी पडलं, बाईंनी दुसऱ्या हातावर अक्षरं काढली, आणि मुलीला उजेड झाला. शाळेच्या पुस्तकात हेच असतं. 'द मिरॅकल वर्कर' हे १९५९ चं नाटक आणि १९६२ चा सिनेमा तिथंच कळसाला पोचतात. आपल्याकडे २००५ साली आलेल्या 'ब्लॅक' चित्रपटाची मूळ प्रेरणाही हीच कथा. पंपाचा प्रसंग खोटा नाही. पण आम्हाला आज पंपाच्या आधीचं आणि नंतरचं सांगायचं आहे. कारण चमत्कार म्हटलं की हात जोडून मोकळं होता येतं. काम म्हटलं की विचारावं लागतं: ते कोणी केलं, किती वर्षं केलं, आणि त्याचं मोल कोणी चुकवलं?

आधी पंपाच्या आधीचं.

हेलनच्या आईनं, केटबाईंनी, चार्ल्स डिकन्सचं अमेरिकेच्या प्रवासावरचं १८४२ चं पुस्तक वाचलं होतं. त्यात लॉरा ब्रिजमन नावाच्या बधिरांध मुलीची हकिकत होती. लॉरा दोन वर्षांची असताना तापानं तिचे डोळे आणि कान गेले. बोस्टनच्या पर्किन्स अंधशाळेचे डॉक्टर सॅम्युअल ग्रिडली हाउ यांनी १८३७ मध्ये तिला शाळेत आणलं. चमचा, किल्ली अशा वस्तूंवर उठावाच्या अक्षरांच्या चिठ्ठ्या डकवून त्यांनी तिला शब्द शिकवले, मग बोटांची लिपी शिकवली. म्हणजे एका हाताच्या बोटांच्या ठेवणीतून एकेक इंग्रजी अक्षर तयार करायचं, आणि समोरच्यानं तो हात आपल्या तळव्यात घेऊन वाचायचं. जगभर लॉराचं नाव झालं.

पण लॉराचं पुढं काय झालं? डॉक्टरांचं लक्ष इतर कामांकडे गेलं. तिच्या दिमतीला एकामागून एक शिक्षिका आल्या आणि गेल्या. विशीच्या आसपास तिचं शिक्षण थांबलं. त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षं ती पर्किन्समध्येच राहिली. शिवणकाम, विणकाम, बायबल, आणि तिच्याशी हातावर बोलायला कोणी वेळ काढला तर थोड्या गप्पा. १८८९ मध्ये ती वारली. बुद्धी तिला कमी नव्हती. तिला कायमचा माणूस मिळाला नाही. हा मुद्दा मनात ठेवा, आपण परत त्याच्याशी येणार आहोत.

केलर दांपत्य हेलनला घेऊन बाल्टिमोरच्या नेत्रतज्ज्ञाकडे गेलं. डोळ्यांचं काही होणार नाही, पण मुलगी शिकू शकेल, असं त्यांनी सांगितलं आणि वॉशिंग्टनला अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांच्याकडे धाडलं. टेलिफोनवाले बेल. त्यांची आई आणि बायको दोघींना ऐकू येत नव्हतं, आणि बहिऱ्या मुलांचं शिक्षण हा त्यांचा जिव्हाळ्याचा विषय होता. बेल म्हणाले, पर्किन्सला लिहा. पर्किन्सचे संचालक मायकेल अनाग्नोस यांनी आपल्याच शाळेतली नुकतीच शिकून निघालेली एक मुलगी सुचवली. तिचं नाव ॲन सुलिव्हन. वय वीस.

ही ॲन कोण? आयर्लंडमधून पोटासाठी अमेरिकेत आलेल्या गरीब घरातली. जन्म १८६६. पाचव्या वर्षाच्या सुमारास डोळ्यांना खुपऱ्या झाल्या आणि दृष्टी जवळजवळ गेली. आठव्या वर्षी आई वारली. बाप दारुडा, तो पोरांना सोडून गेला. १८७६ मध्ये ॲन आणि तिचा अधू धाकटा भाऊ जिमी यांना ट्यूक्सबरीच्या सरकारी अनाथ-दरिद्री आश्रमात टाकण्यात आलं. तिथं म्हातारे, वेडे, आजारी, कुमारी माता, सगळे एकत्र. काही महिन्यांत जिमी तिथंच मेला. ॲन चार वर्षं तिथं राहिली. एकदा सरकारी तपासणीची मंडळी आली, तेव्हा ही आंधळी पोरगी त्यांच्यामागं धावली आणि ओरडून म्हणाली, की मला शाळेत जायचंय. १८८० च्या ऑक्टोबरमध्ये ती पर्किन्सला आली. चौदा वर्षांची होती आणि स्वतःचं नावही लिहिता येत नव्हतं. सहा वर्षांनी ती आपल्या वर्गात पहिली आली. मधल्या काळात शस्त्रक्रिया होऊन तिला थोडंफार दिसूही लागलं.

आणि पर्किन्समध्ये म्हातारी होत चाललेली लॉरा ब्रिजमन होती. तिच्याशी बोलता यावं म्हणून ॲननं बोटांची लिपी शिकून घेतली होती. ही साखळी पाहा. हाउंनी लॉराला शिकवलं, लॉराशी बोलण्यापायी ॲन शिकली, आणि तेच हेलनपर्यंत पोचायचं होतं. ॲन निघाली तेव्हा शाळेतल्या अंध मुलींनी हेलनसाठी एक बाहुली दिली. त्या बाहुलीचे कपडे लॉरानं शिवले होते.

३ मार्च १८८७ च्या संध्याकाळी ॲन टस्कंबियाच्या स्टेशनवर उतरली. दुसऱ्या दिवशी हेलनच्या हातात बाहुली दिली आणि तळव्यावर अक्षरं काढली. मुलीनं अक्षरांची नक्कल केली, तिला तो खेळ वाटला. त्यापुढचे दिवस मात्र खेळाचे नव्हते. हेलन जेवताना सगळ्यांच्या ताटात हात घालायची, आणि घरचे चालू द्यायचे. पोरीची दया यायची त्यांना. ॲननं सगळ्यांना खोलीबाहेर काढलं, दार लावलं, आणि चमच्यानं खा, रुमालाची घडी कर, यावर सकाळभर कुस्ती चालली.  मग तिनं घरच्यांकडून परवानगी काढून हेलनला बागेतल्या एका छोट्या घरात नेलं. मुलीला वाटावं की आपण कुठंतरी लांब आलोय, म्हणून आधी गाडीतून फिरवून आणलं. दोन आठवडे दोघीच. कॅप्टन केलर खिडकीतून बघून जायचे, पण आत यायचे नाहीत.

आज हे वाचताना आपल्याला थोडं खटकतं, आणि खटकायलाही हवं. सात वर्षांच्याही नसलेल्या मुलीला आईपासून तोडणं ही साधी गोष्ट नाही. पण ॲनच्या त्या काळातल्या पत्रांतून तिचा विचार स्पष्ट दिसतो. घरच्यांची दया या मुलीला माणसांत येऊ देत नाही, असं तिला वाटत होतं. दयेवर जगणं काय असतं ते ट्यूक्सबरीत राहिलेल्या मुलीला कोणी सांगायची गरज नव्हती.

मग ५ एप्रिल. 'कप' आणि 'पाणी' या दोन शब्दांत हेलनचा सारखा घोळ व्हायचा. कप पण त्याच हातात, पाणी पण त्याच कपात. म्हणून ॲन तिला पंपावर घेऊन गेली. एका हातावर पाण्याची धार, दुसऱ्या हातावर बोटांनी अक्षरं. आणि त्या क्षणी मुलीला कळलं, की बोटांची ही हालचाल म्हणजे ही गार, वाहती वस्तू. प्रत्येक गोष्टीला नाव असतं. त्या दिवशी काही तासांत ती तीस शब्द शिकली. जमिनीला हात लावून नाव विचारलं, पंपाला हात लावून विचारलं, आणि शेवटी ॲनकडे वळून विचारलं. ॲननं हातावर लिहिलं, 'टीचर'. आपली मुलं शाळेत शिक्षिकेला 'बाई' म्हणतात ना, तसं. पुढं आयुष्यभर हेलन तिला याच नावानं हाक मारत राहिली.

झालं? नाही. खरं काम इथून सुरू होतं.

पंपानंतर आठवडाभरात ॲननं एक निर्णय घेतला, जो आमच्या मते पंपाहून मोठा आहे. हेलनचं एक दीड वर्षांचं नात्यातलं बाळ होतं. ॲन त्याला न्याहाळत होती. बाळाला कोणी धडे देत नाही, एकेक शब्द घोकून घेत नाही. घरातली माणसं त्याच्याशी पूर्ण वाक्यांत बोलत राहतात, आणि त्याला बोलता येण्याच्या कितीतरी आधी त्यातलं समजू लागतं. मग आपण या मुलीला रोज ठरावीक वेळी ठरावीक शब्द का शिकवतोय? ॲननं ठरलेले तास बंद केले आणि बाळाच्या कानात बोलतात तसं ती हेलनच्या हातात बोलू लागली. सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत, पूर्ण वाक्यांत. ऊन पडलं, कोंबडीच्या अंड्यातून पिल्लू बाहेर येतंय, आज आजूबाजूच्या लोकांचं काय चाललंय, सगळं. नदीकाठी दगडगोट्यांचे बांध आणि बेटं करून भूगोल. एकदा हेलन मणी ओवताना चुकत होती आणि थांबून काहीतरी जुळवत होती. ॲननं तिच्या कपाळाला बोट लावलं आणि हातावर 'विचार करणं' हा शब्द काढला. ज्याला हात लावता येत नाही, त्यालाही नाव असतं, हे मुलीला तेव्हा कळलं.

हे किती कष्टाचं आहे, जरा करून पाहा. एक वाक्य बोलायला आपल्याला दोन सेकंद लागतात. तेच अक्षर-अक्षर करून बोटांनी काढायचं. दिवसभर. ऐकणारं जग जे बाळाला फुकट देतं, ते इथं एका बाईच्या बोटांतून जात होतं.

आणि याच ठिकाणी या नात्यातला सगळ्यात अवघड प्रश्न उभा राहतो. सगळं एकाच माणसाच्या हातून येत असेल, तर हेलनचे शब्द हेलनचे किती आणि बाईंचे किती?

१८९१ मध्ये अकरा वर्षांच्या हेलननं अनाग्नोस यांच्या वाढदिवसासाठी हिमराजावर एक गोष्ट लिहून पाठवली. त्यांनी कौतुकानं छापली. थोड्याच दिवसांत कोणाच्या तरी लक्षात आलं, की मार्गारेट कॅन्बी या लेखिकेची अशीच गोष्ट आधी छापलेली आहे. शोध घेतल्यावर निघालं, की तीन वर्षांपूर्वी सुट्टीत कोणीतरी ती हेलनच्या हातावर वाचून दाखवली होती. ती विसरली, पण गोष्ट आत राहिली होती. पर्किन्समध्ये चौकशी बसली. बाईंना खोलीबाहेर पाठवलं आणि चार अंध, चार डोळस अशा आठ जणांनी त्या पोरीला एकटीला बसवून प्रश्न विचारले. मतं समसमान पडली. अनाग्नोस यांनी तिच्या बाजूनं मत दिलं. पण त्यांचा विश्वास नंतर उडाला, तो परत आला नाही. हेलननं त्यानंतर पुन्हा मनानं गोष्ट रचली नाही. आपण लिहिलेलं वाक्य आपलंच आहे का, ही भीती तिला वर्षानुवर्षं छळत राहिली. पुढं मार्क ट्वेन यांनी ही हकिकत वाचली, तेव्हा ते चौकशी करणाऱ्यांवर भडकले. त्यांचं म्हणणं असं, की जगात कोणाचेच विचार पूर्ण स्वतःचे नसतात.

ट्वेन यांचं म्हणणं आम्हाला पटतं. आपण कानांनी ऐकलेलं इतक्या ठिकाणांहून येतं, की कोणाकडून काय घेतलं ते आपल्यालाच आठवत नाही. आपल्याला कोणी चौकशीला बसवत नाही, एवढाच फरक. हेलनचा उगम एकच दिसत होता, म्हणून संशय. १९०९ मध्ये ती समाजवादी पक्षात गेली, कामगारांच्या बाजूनं, स्त्रियांच्या मताधिकारासाठी लिहू लागली, तेव्हा कालपर्यंत तिची स्तुती करणारे संपादक म्हणू लागले, की बिचारीला जगाचं काय कळणार. म्हणजे ती आपल्या मनासारखं बोलली तर प्रतिभा, आणि मनाविरुद्ध बोलली तर तिचं अपंगत्व. हा अनुभव आजही अपंग माणसांना नवीन नाही.

आता मोल कोणी चुकवलं, त्याकडे येऊ.

१९०० मध्ये हेलन रॅडक्लिफ कॉलेजात दाखल झाली. ॲन शेजारी बसून प्राध्यापकांचं व्याख्यान तिच्या हातावर काढायची. बहुतेक पुस्तकं ब्रेलमध्ये नव्हती, म्हणून घरी येऊन तासन् तास वाचायचं आणि हातावर लिहायचं. हे सगळं ॲन आपल्या त्या अधू डोळ्यांनी करत होती. १९०३ मध्ये हेलनचं आत्मचरित्र आलं, १९०४ मध्ये तिला गुणवत्तेसह बी.ए. मिळालं. जगातली पहिली बधिरांध पदवीधर. त्याच वर्गांत, त्याच बाकावर ॲनही चार वर्षं बसली होती. तिला पदवी नव्हती.

१९०५ मध्ये ॲननं जॉन मेसी यांच्याशी लग्न केलं. हेलन त्यांच्याच घरी. ते लग्न काही वर्षांत विस्कटलं. पैशाची ओढाताण कायमची. १९२० पासून काही वर्षं तर दोघी करमणुकीच्या रंगमंचावर उभ्या राहिल्या. गाणी, कसरती, नकला, आणि मध्ये या दोघींचे वीस मिनिटांचे संवाद. प्रेक्षक प्रश्न विचारायचे, हेलन उत्तरं द्यायची. ॲनला त्या झगझगीत दिव्यांचा त्रास व्हायचा. हळूहळू तिचे डोळे पार गेले. ज्या बाईनं हेलनला पुस्तकं वाचून दाखवली, तिला शेवटी वाचून दाखवायला माणूस लागला. २० ऑक्टोबर १९३६ रोजी ॲन वारली, तेव्हा तिचा हात हेलनच्या हातात होता. १८८७ ते १९३६. एकोणपन्नास वर्षं.

आता लॉरा ब्रिजमन पुन्हा आठवा. तीच शाळा, तीच लिपी, तसाच आजार. एकीचं शिक्षण विशीत थांबलं आणि दुसरी जगभर फिरली. फरक कुठला? एकीच्या बाई आल्या आणि गेल्या; दुसरीच्या राहिल्या. आमचं आजचं म्हणणं एवढंच आहे. शोध लावणारा हाउ होता, रस्ता दाखवणारा बेल होता. पण भाषा वर्षानुवर्षं तळहातावर उतरवायला कोणीतरी शेजारी बसून राहावं लागतं.

आणि ही जबाबदारी एकाच बाईच्या जिवावर टाकायची का, हाही धडा यातच आहे. ॲननंतर पॉली थॉमसन यांनी तो हात धरला. त्या १९१४ पासून या घरात होत्या. १९५५ मध्ये चौऱ्याहत्तर वर्षांच्या हेलन केलर त्यांच्यासोबत आशियाच्या दौऱ्यावर निघाल्या आणि भारतातही आल्या. पंडित नेहरूंच्या चेहऱ्यावर हात ठेवलेलं त्यांचं छायाचित्र आपल्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. मुंबईत १९७७ साली बेरोझ वाच्छा यांनी बधिरांध मुलांसाठी शाळा सुरू केली, ती देशातली अशी पहिली. नाव अर्थातच हेलन केलर यांचं.

कायद्याला मात्र वेळ लागला. १९९५ च्या अपंग व्यक्तींच्या कायद्यात अंधत्व होतं, कर्णबधिरत्व होतं, बधिरांधत्वाचं वेगळं नाव नव्हतं. ते २०१६ च्या कायद्यात आलं. बधिरांध मूल म्हणजे अंध अधिक बहिरं, अशी साधी बेरीज नाही. अंधांच्या शाळेत सगळं कानावर चालतं, बहिऱ्यांच्या शाळेत डोळ्यांवर. हे मूल दोन्हीकडे बसवलं तरी बाहेरच राहतं. त्याला वेगळा शिक्षक लागतो, आणि तोही एका मुलामागं एक.

आपल्या तालुक्यातही एखाद्या घरात असं मूल असू शकतं, ज्याला शेजारीपाजारी 'येडं' म्हणून मोकळे झाले असतील. हेलनबद्दलही तिच्या नात्यातले लोक तेच म्हणाले होते. तसं मूल दिसलं तर देवाच्या चमत्काराची वाट पाहू नये. तपासणी कुठं होते, शिकवणारं कोण मिळेल, ही चौकशी करावी. आणि शिकवणारं मिळालं, तर त्या माणसाचा पगार वेळेवर होतो का, त्याला महिन्यातून चार दिवस सुटी मिळते का, त्याच्या जागी दुसरं कोणी तयार होतंय का, हेही विचारावं.

ॲनवर हेलननं लिहायला घेतलेल्या चरित्राचं हस्तलिखित १९४६ मध्ये घराला आग लागून जळालं. तिनं ते पुन्हा लिहिलं. भारताच्या दौऱ्याच्याच वर्षी, १९५५ मध्ये, ते पुस्तक प्रसिद्ध झालं. त्याचं नाव एका शब्दाचं आहे: 'टीचर'.